गोडाला हात आखडता: चार पिढ्यांची हकिकत

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघायची ठरली, तेव्हा संपादिकाबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, “काकू, तुमच्या कमी गोडाच्या पदार्थांची कृती लिहून द्या. दोन पानांत बसवा.” मी हो म्हटले. परंतु लिहावयास बसले तेव्हा कृतीच्या आधी तिच्यामागची हकिकत डोळ्यांपुढे उभी राहू लागली. आजीचे स्वयंपाकघर आठवले, आईच्या रेशनच्या रांगा आठवल्या, आणि माझ्या हातून घडलेली एक मोठी चूकही आठवली. म्हणून कृती थोडी आणि इतिहास जास्त, असा हा लेख झाला आहे. वाचक भगिनींनी गोड मानून घ्यावा.

आजकाल आपल्याला असे वाटते की, गोड कमी करणे हे नव्या काळाचे खूळ आहे. डॉक्टरांनी सांगितले, मुलीने मोबाइलवर पाहिले, म्हणून आपण साखर कमी करतो. आपल्या आज्या-पणज्या मात्र तूपसाखरेत न्हात होत्या. मला हे खरे वाटत नाही. आपल्या घरांत गोडाला हात नेहमी आखडताच होता. कारणे मात्र प्रत्येक पिढीची वेगळी होती.

साखर आपल्याला परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या रसापासून होणाऱ्या पदार्थांची यादीच आहे: फाणित म्हणजे आपली काकवी, मग गूळ, खंड, मत्स्यंडिका आणि शर्करा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या ताटातले पदार्थ वर्णिले आहेत, त्यांत मंडक म्हणजे आपले मांडे आहेत आणि दह्याची शिखरिणीही आहे. परंतु ते राजाचे ताट होते. सामान्य घरात गोड असे ते सणाला, पाहुणा आल्यास, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. साखर तर डबीत असे, डब्यात नव्हे. दुखण्यातून उठलेल्याच्या हातावर चिमूट ठेवावी, देवापुढे खडीसाखर ठेवावी, इतकाच तिचा वापर.

आमच्या आजीचा जन्म १८९३ चा. १९०५ साली बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची चळवळ उठली, तेव्हा ती बारा वर्षांची नववधू होती. परदेशी कापडाची होळी सगळ्यांना ठाऊक आहे. परंतु त्या वेळी परदेशी साखरेवरही बहिष्कार होता, हे आता फारसे कोणाच्या लक्षात नाही. जावा बेटाची साखर आणि युरोपातली बीटाची साखर त्या काळी आपल्या बाजारात भरून राहिली होती. पांढरीशुभ्र आणि देशी साखरेहून स्वस्त. ती हाडांच्या कोळशातून गाळून शुभ्र करतात ही गोष्ट लोकांना कळली, आणि मग देशाभिमान व सोवळे दोन्ही एकत्र आले. आजीच्या सासऱ्यांनी घरात सांगितले की, या उंबरठ्याच्या आत ती साखर यावयाची नाही.

मग राहिला गूळ, आणि खांडसरी पद्धतीने पाण्यातल्या शेवाळाने स्वच्छ केलेली पिवळसर देशी साखर. ती महाग. आजी मला सांगे, “अगं, श्रीखंड करायचं म्हणजे चक्का किती आंबट झालाय ते आधी पाहायचं. आंबट चक्क्याला साखर फार लागते. म्हणून मी विरजण रात्री उशिरा लावायची, पहाटे दही बांधायची. गोडसर दह्याला निम्मी साखर पुरते.” पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळले की, कमी साखरेच्या श्रीखंडाचे सगळे रहस्य या एका वाक्यात आहे. चक्क्याइतकीच साखर घालण्याची रीत पडली, ती मुख्यतः आंबटपणा झाकण्यासाठी.

त्या काळी छापील पाकपुस्तकेही निघू लागली होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचे हजार पाकक्रियांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचे. आजीला वाचता येत नव्हते. तिचे पुस्तक म्हणजे तिचा तळहात.

आता आईची गोष्ट. १९३२ साली सरकारने देशी साखर कारखान्यांना संरक्षण दिले. तोपर्यंत देशात आधुनिक कारखाने ३० च्या आसपास होते, ते चार-पाच वर्षांत १२५ च्या वर गेले. जावाची साखर गेली, आपली आली, आणि स्वस्तही झाली. त्याच दशकात चहाचा प्रचार गल्लोगल्ली झाला. मला वाटते, आपल्या घरातल्या साखरेच्या इतिहासात हा फार मोठा बदल आहे. साखर सणाच्या ताटातून उठली आणि रोजच्या कपात जाऊन बसली. सण वर्षातून दहा-बारा. चहा दिवसातून चार वेळा.

आई लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली आणि पाठोपाठ महायुद्ध आले. १९४३ च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. धान्यासाठी रांग, साखरेसाठी रांग, रॉकेलसाठी रांग. आई सांगे की, श्रावण लागला की चाळीतल्या बायका घरचा चहा गुळाचा करू लागत आणि रेशनची साखर मूठ-मूठ बाजूला टाकीत, दिवाळीसाठी. गूळ उकळत्या दुधात घातला तर दूध फाटते. म्हणून चहा खाली उतरवून मग गूळ घालावयाचा, ही युक्ती जिन्याच्या तोंडाशी एकीने दुसरीला सांगितलेली.

आणि दिवाळीचा फराळ? तो झालाच पाहिजे. करंजीच्या सारणात खोबरे, खसखस, भाजलेले तीळ जास्त, साखर जेमतेम. शंकरपाळे निम्मे गोड, निम्मे तिखटमिठाचे. चिरोटे पाकात न बुडवता वरून पिठीसाखर नुसती भुरभुरलेली. आई म्हणे, “पाकात बुडवला तर साखर आत जाते आणि कळत नाही. वर भुरभुरली तर जिभेला आधी तीच लागते. थोड्यात काम होतं.” माझा जन्म १९४६ चा. त्यानंतर १९४७ च्या डिसेंबरात नियंत्रण उठले, पुन्हा आले, पुन्हा उठले; पण मी लहानपणी खाल्लेला फराळ हा रेशनच्या हाताचाच होता. मला तो कधी कमी गोड वाटला नाही. मला तोच गोड वाटे.

१९६७ साली लग्न होऊन मी सांगलीत आले आणि गुळाच्या राज्यात आले. माझे सासरे अडत दुकानात दिवाणजी होते. बाजारपेठेत गुळाच्या ढेपा रचलेल्या, हंगामात गाड्यांवर गाड्या येत, सगळ्या पेठेला रसाचा वास. घरात ढेप कधी संपली नाही. साखरेची गंमत मात्र अशी की, भोवताली ऊस, कारखान्याचा भोंगा ऐकू येई, आणि साखर रेशनकार्डावर. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने सहकारी कारखाना उभा राहिला, आणि मग साऱ्या महाराष्ट्रात कारखाने निघाले. तरी १९६७ नंतर साखर दोन भावांची: लेव्हीची कार्डावर स्वस्त आणि खुल्या बाजारातली महाग. १९७८ च्या ऑगस्टात सरकारने नियंत्रण काढले तेव्हा भाव कोसळले आणि साखर धो-धो घरात आली. पुढच्या वर्षी नियंत्रण परत आले, तरी आमचे हात सैल झाले ते झालेच.

माझ्या मते आपल्या गोडाचे बिघडले ते इथे. रविवारी शिरा, पाहुणा आला की गुलाबजाम, मुलाला चांगले मार्क पडले की श्रीखंड, तेही डब्यातले. आम्ही सणाचे प्रमाण उचलले आणि रोजच्या दिवसाला लावले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरोघरी गेले. आम्हा मुलीबाळींना वाटी-चमच्याचे माप हाती आले. पण वाटी मोठी की लहान, हे ज्याचे त्याने ठरवायचे. आमची वाटी दरवर्षी थोडी मोठी होत गेली.

आता मी माझ्या चुकीकडे येते. लिहावे की नाही, असा दोन दिवस विचार केला. परंतु मंडळात आपण एकमेकींना परक्या नाही.

१९८४ साली आमच्या ह्यांना मधुमेह असल्याचे कळले. डॉक्टरांनी सांगितले, साखर बंद. मी त्याच दिवशी साखरेचा डबा शेजारी देऊन टाकला. आणि दुसऱ्या दिवसापासून घरात गूळ सुरू केला. चहात गूळ, शिऱ्यात गूळ, लाडवात गूळ. “गूळ औषधी असतो, गुळात लोह असते, गूळ पचतो,” असे सासूबाई म्हणत, पेठेत सगळेच म्हणत, आणि मलाही ते पटे. कारण गुळावर तर आमचे घर चालले होते. सणाला पुरणपोळी व्हायची ती डाळीइतक्या गुळाची. एकदा मी पुरणात गूळ कमी घालू का, असे विचारले, तर सासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, देवाच्या नैवेद्यात काटकसर नको.” मी गप्प बसले. ह्यांना गोड फार आवडे, तेही खूश. सात वर्षे आम्ही सर्व जण समजत होतो की, आमच्या घरात साखर बंद आहे.

१९९१ च्या पावसाळ्यात ह्यांच्या उजव्या पायाला चप्पल लागून जखम झाली. ती चार महिने भरली नाही. शेवटी दोन बोटे काढावी लागली. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टरांनी मला विचारले, “खाण्यात साखर किती?” मी अभिमानाने म्हटले, “सात वर्षांत साखरेचा कण नाही.” ते म्हणाले, “मग गोड अजिबात नाही?” मी म्हटले, “गुळाचे करते ना.” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, गूळ म्हणजे साखरच. मळी न काढलेली.”

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून मी सात वर्षांचे लाडू मोजले.

भगिनींनो, एवढे एकच वाक्य या लेखातून लक्षात ठेवलेत तरी माझे लिहिणे सार्थकी लागेल. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० कॅलरी, आणि १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८०. गुळात थोडी खनिजे असतात, चव उत्तम असते, पण रक्तातल्या साखरेच्या दृष्टीने तो वेगळा नव्हे. मधाचेही तेच. खजूर फळ असल्यामुळे त्यात तंतू आहेत, परंतु वाटून लाडू वळला की गोडी तीच आणि हात थांबत नाही तो निराळाच.

ह्यांना घरी आणले तेव्हा मी ठरविले की, गोड बंद करावयाचे नाही, कारण बंद केलेले गोड चोरून खाल्ले जाते. पण ते लहान करावयाचे. त्या वर्षीची नागपंचमी दवाखान्यातच गेली होती. पुढच्या वर्षीच्या नागपंचमीला मला उत्तर सापडले, आणि ते आमच्याच चुलीवर होते. त्या दिवशी चिरावयाचे नाही, तळावयाचे नाही, तव्यावर भाजावयाचे नाही. म्हणून आपण दिंडे करतो. कणकेची पातळ पुरी लाटायची, मध्ये पुरण ठेवायचे, चारी बाजूंनी घडी घालून चौकोन करायचा आणि हळदीच्या पानावर ठेवून पंधरा मिनिटे उकडायचे. पुरणपोळीचीच ही धाकटी बहीण. तेल नाही, तवा नाही, आणि आकार मुठीएवढा.

मी माप काढले. माझ्या वाटीत किसलेला गूळ १६० ग्रॅम बसतो. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घालून मी ८ पोळ्या करीत असे, म्हणजे पोळीमागे २० ग्रॅम गूळ. आणि हे तीन पोळ्या सहज खात. आता वाटीभर डाळीला अर्धी वाटी गूळ, आणि दिंडे १२. म्हणजे एकात ७ ग्रॅमपेक्षा कमी. गूळ कमी पडला की पुरण सुटे होते, गोळा धरत नाही. म्हणून डाळ मऊ शिजवून, बारीक वाटून, कटाचे दोन चमचे पाणी घालून ते परतावे. जायफळ आणि वेलदोडा मात्र सढळ हाताने. वासानेच निम्मी गोडी येते.

सासूबाईंना मी दिंडे वाढले आणि भीत भीत सांगितले की, गूळ निम्मा आहे. त्यांनी एक खाल्ले, दुसरे मागितले. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाई एवढाच घालायच्या. ढेपा तेव्हा दुकानात असायच्या, घरात नव्हे.” म्हणजे काटकसर देवाला नवीन नव्हतीच. ती मधल्या काळात आम्हीच विसरलो होतो.

त्यानंतर मी एकेक पदार्थ घेऊन बसले. त्यातून जे हाती लागले ते थोडक्यात सांगते.

साखर पदार्थात नुसती गोडीसाठी नसते. ती पदार्थ टिकविते, बांधते आणि ओला ठेवते. पूर्वी दिवाळीचा लाडू तुळशीच्या लग्नापर्यंत टिकावा लागे, मुलाबरोबर परगावी जावा लागे. म्हणून पाक घट्ट आणि साखर भरपूर. आता घरात माणसे चार आणि फ्रीज एक. तेव्हा पन्नास लाडू करावयाचे कारण उरलेले नाही. पंधरा करावे, साखर तिसरा हिस्सा कमी करावी आणि आठ दिवसांत संपवावे. कमी साखरेचा पदार्थ कमी दिवस टिकतो, हे मात्र विसरू नये.

बेसनाच्या लाडवाला बेसन आधी कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावे, तूप मागाहून निम्मे घालावे. चांगले भाजलेले बेसन स्वतःच गोडूस लागते. वळताना लाडू बसत नसेल तर दुधाचा हात लावावा. असा लाडू चार दिवसांत संपवावा. आकार लिंबाएवढा.

श्रीखंडाला आजीची रीत: ताजे, गोडसर दही, साखर चक्क्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी. साखरेने चक्का सैल होतो. ती कमी घातली की घट्ट राहतो, म्हणून दोन चमचे दूध घालून फेटावा. साय काढलेल्या दुधाचे दही चालते.

उकडीच्या मोदकांना तर हलके करावयाची गरजच नाही. सारणात गूळ कमी व खोबरे ताजे असले म्हणजे झाले. गणपतीला एकवीस ठेवावे, खाणाऱ्याने दोन खावे. कोकणात हळदीच्या पानातल्या पातोळ्या करतात, त्याही याच जातीच्या. आपल्या परंपरेत उकडीचे केवढे धन आहे, आणि आपण ‘डाएट’च्या कृती परक्या मुलखातून शोधीत बसतो!

काही जणी विचारतात, बाजारातल्या गोळ्या-पावडरी घातल्या तर? सॅकरिनचा शोध १८७९ सालचा, म्हणजे ही मंडळीही आता जुनीच. परंतु त्यांनी पाक होत नाही, लाडू बांधला जात नाही, आणि ॲस्पार्टेमसारख्यांची गोडी उष्णतेने जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले की, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांवर विसंबू नये. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच काय ते करावे.

त्याच संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की, वरून घातलेली साखर, मध, सरबते व रस धरून, दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाहून कमी असावी, म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम; आणि २५ पर्यंत आणता आली तर अधिक चांगले. आता चहाचा हिशेब करा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास, महिन्याला माणशी किलोवर! सणाचा लाडू बिचारा उगाच बदनाम होतो. कपातली साखर आठवड्याला पाव-पाव चमचा कमी करीत जावे. महिन्या-दोन महिन्यांत जीभ विसरते. माझी विसरली.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे आपल्या मंडळाच्या प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक पंगतीला तो पाटावर बसलेला असतो.

म्हणून शेवटी एक विनंती. मागच्या संक्रांतीला आपल्या पाककृती स्पर्धेत एका ताटापुढे ‘बिनसाखरेचे लाडू’ अशी चिठ्ठी होती. लाडू गुळाचे आणि खजुराचे होते, आणि चवीला फार सुरेख होते. करणारीचा हेतू चांगलाच होता. परंतु माझ्या शेजारी बसलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या एका मैत्रिणीने त्या चिठ्ठीवर विश्वासून तीन लाडू खाल्ले. मला १९९१ चा तो बाक आठवला आणि मी तिचा हात धरला, तोवर तिसरा संपला होता. या वर्षीपासून स्पर्धेत ‘बिनसाखरेचे’ हा शब्द काढून टाकावा, आणि प्रत्येक ताटापुढे किती वाट्यांत किती गूळ वा साखर, आणि त्याचे नग किती, एवढे लिहावे, असे मी सुचविते. खाणारी आपली आपण ठरवील.

आमचे हे त्यानंतर वीस वर्षे राहिले. २०११ साली गेले, ते दुसऱ्याच दुखण्याने. दर नागपंचमीला त्यांच्या ताटात दोन दिंडे असत. तिसरे ते मागत आणि मी देत नसे. हे आमचे वर्षानुवर्षांचे भांडण होते. या वर्षी नातसुनेने दिंडे केले. तिने मला विचारले, “आजी, गूळ किती?” मी म्हटले, “अर्धी वाटी.” ती म्हणाली, “एवढाच?”

मी म्हटले, “पूर्वीपासून एवढाच.”